कपाटाच्या कडेची झीज

आई जाऊन महिना होतो न होतो तोच दोघा भावांची कपाटावरून जुंपली. स्वयंपाकघराच्या दारालगतचं, वेलीपाखरांच्या चित्रांनी रंगवलेलं ते कपाट खरंच पुरातन असेल तर विकून टाकावं, असं थोरल्याचं म्हणणं. धाकटा म्हणे, “कुठलं पुरातन! बाबांना कुणीतरी टोपी घातली होती.” शेवटी संग्रहालयात जुन्या वस्तूंची डागडुजी करणाऱ्या एका बाईंना बोलावलं.

बाई आल्या, चष्मा डोळ्यांवर घेतला आणि थेट कपाटाच्या मागे शिरल्या.

“अहो, चित्रं पुढे आहेत,” धाकटा हसला.

“पुढून सगळेच देखणे दिसतात. आम्ही आधी पाठ बघतो.”

पाठ कोरी होती, रंध्याचे ओबडधोबड ओरखडे तसेच. पुढच्या रंगाला बारीक भेगा पडलेल्या. खणाच्या मुठीभोवतीचा रंग उडालेला, तळाशी झाडू लागून लागून पुसट झालेला. बाईंची मान डोलू लागली. “नकली करणारा सगळीकडे सारखंच घासतो. खरी झीज माणसाचं अंग लागतं तिथेच होते.”

थोरला खुलला. पण दाराकडच्या बाजूला बाई थबकल्या. खांद्याच्या उंचीवर एक पाखरू जरा जास्तच हिरवं होतं.

“हे नवं आहे.”

थोरल्याने जीभ चावली. “कालच रंगाऱ्याकडून करून घेतलं. तिथला रंग पार गेला होता. बरं दिसत नव्हतं.”

“पुसू का?”

त्याने मान डोलावली. बाईंनी औषधात भिजवलेला कापसाचा बोळा हलकेच फिरवला. कालचा हिरवा रंग बोळ्यावर आला आणि खाली उघडं, गुळगुळीत लाकूड दिसलं.

“इथे मूठ नाही, कडी नाही. रोज कोण टेकत होतं इथे?”

भाऊ एकमेकांकडे बघू लागले. दोघे याच घरात लहानाचे मोठे झाले, पण काही केल्या आठवेना.

“आई टेकायच्या,” चहाचा ट्रे घेऊन आलेली थोरल्याची बायको म्हणाली. “तुम्ही सगळे जेवत असताना वाढायला उभ्या असायच्या ना! पाय भरून यायचे त्यांचे.”

थोरल्याने त्या उघड्या लाकडावरून हात फिरवला. “अजून वाढू?” हे त्याने हजारदा ऐकलं होतं, पण मान वर करून कधी पाहिलं नव्हतं. एकदाही ‘आई, तू बस’ म्हटलं नव्हतं! आणि काल तिची उरलेली खूणही त्यानेच रंग देऊन बुजवली होती.

“कपाट अस्सल आहे,” बाई हळूच म्हणाल्या. “पण दादा, वस्तू पारखायला मला बोलावता येतं. घरातलं माणूस आपलं आपणच पारखायचं असतं, आणि तेही ते असताना.”

थोरल्याला रडू आवरेना. डोळे पुसून त्याने मान वर केली, तर बायको चहाचा रिकामा ट्रे घेऊन उभी होती. खांदा कपाटाला टेकलेला, नेमका त्याच जागी! टेबलावर कप तीनच होते.

“बस गं,” त्याने स्वतःची खुर्ची पुढे केली. “माझा कप घे. मी आणतो दुसरा.”

ती बसली, पण खुर्चीच्या कडेवर, केव्हाही उठायच्या तयारीत. टेकून बसायची तिला सवयच नव्हती.

कपाट विकलं नाही. ते पाखरूही पुन्हा रंगवलं नाही.

वाचकहो, आपल्या घरी असं कपाट नसेल, पण भिंत असेल, दाराची चौकट असेल. आज जेवायला बसाल तेव्हा तिथे कोण टेकून उभं आहे, ते आधी बघा. माणूस गेल्यावर हळहळून काय उपयोग? ‘बस’ म्हणायचं ते आजच म्हणा.