काडेपेटीचं उत्तर

आत्याच्या मोजे विणायच्या मशीनचं नाव म्हातारी. नाव आत्यानेच ठेवलेलं, पण दुसऱ्या कुणी ते घेतलं की तिला राग यायचा. म्हातारीच्या पोटाखाली एक पिवळट पडलेला लोखंडी डबा होता. कोणत्या सुईने कधी वर यायचं आणि कधी खाली बसायचं, हे त्या डब्यातला जुनाट कॉम्प्युटर ठरवायचा. गेल्या आठवड्यात त्याने थोडा धूर काढला आणि तो कायमचा गप्प झाला. तसला प्रोसेसर आता कुणी बनवत नाही, आणि मशीनची कंपनी कधीच बुडाली होती. शेवटी आत्याने भंगारवाल्याला शनिवारी या म्हणून सांगून टाकलं. शेजारच्या दुकानातल्या शिंप्याने तर भिंतही मोजून घेतली. म्हातारी गेली की तिथे त्याला इस्त्रीचं टेबल लावायचं होतं.

"एवढ्यात कुठे तिला मोडीत काढतेस?" भाची म्हणाली होती. "डबा मेलाय, पण त्यातली डिस्क धडधाकट आहे. तुझी सगळी नक्षी त्यात आहे. मला बघू दे."

भाचीचं शिक्षण नुकतंच संपलं होतं आणि यंत्रांच्या आत बसणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरांचं काम करणाऱ्या ऑफिसात ती लागली होती. तिचा बेत सांगायला तरी सोपा होता. एक छोटा बोर्ड, म्हणजे खिशात मावणारा कॉम्प्युटर घ्यायचा, ऑफिसात त्याला सगळे काडेपेटी म्हणत. तो चालवणारं लिनक्स त्यावर होतंच. त्याच्या जोडीला एम्युलेटर बसवायचा.

"म्हणजे काय बसवायचं?" आत्याने विचारलं.

"सोंगाड्या. काडेपेटीवर बसून तो जुन्या डब्याचं सोंग घेणार. आतल्या प्रोग्रामला वाटणार, आपण आपल्याच घरात आहोत."

"आणि म्हातारीला काय वाटणार?"

"तिला काय वाटायचंय? वायरीतून हुकूम आला की झालं."

"तू तिला ओळखत नाहीस," आत्या म्हणाली.

काडेपेटीचा जीव लहान. एम्युलेटर तिच्यावरच घडवायला बसलं, तर मेमरी संपून ती मान टाकायची. म्हणून घडवायचा लॅपटॉपवर आणि चालवायचा काडेपेटीवर, यालाच क्रॉस-कम्पाइल म्हणतात. दोघांचे प्रोसेसर वेगळ्या जातीचे, तेव्हा हा लॅपटॉपने दुसऱ्याच्या मापाचा सदरा शिवण्यातला प्रकार. माप घ्यायचं काम कॉन्फिगर नावाच्या पायरीचं. तुझ्याकडे अमुक आहे का, तुला तमुक सूचना समजते का, असे ढीगभर प्रश्न ती विचारते आणि उत्तरं येतील तसं कापड बेतते.

भाचीने हे सगळं घरी केलं. कुठेही अडलं नाही. तयार झालेला एम्युलेटर तिने लॅपटॉपवर चालवून बघितला, तर डब्यातला प्रोग्राम त्यात झकास उघडला. जरा रेंगाळत चालला, पण तो जुना, रेंगाळणारच. तिने लगेच आत्याला फोन लावला: "झालंच समज."

शुक्रवारी दुपारी ती काडेपेटी घेऊन कारखान्यात आली. कारखाना म्हणजे एकच लांबट खोली. एका टोकाला म्हातारी, दुसऱ्या टोकाला सुताच्या कोनांची रास, आणि मध्ये स्टुलावर बसून मोज्यांच्या जोड्या लावणारे आतोबा. भाचीने वायर जोडली, एम्युलेटर सुरू केला. काडेपेटीला लावलेल्या छोट्या स्क्रीनवर एक ओळ आली, अवैध सूचना, आणि सगळं बंद.

पुन्हा केलं. पुन्हा तेच. वायर तपासली, डिस्कची प्रत तपासली, बोर्ड बदलून बघितला. तीच फाइल लॅपटॉपवर मात्र बिनतक्रार चालत होती.

"मग लॅपटॉपच जोड की," आत्या म्हणाली.

"तो ऑफिसचा आहे. सोमवारी परत द्यायचाय."

आत्याने फडकं घेतलं आणि म्हातारीच्या सुयांमधला धुरळा पुसायला लागली. "जायचंच असेल तर स्वच्छ तरी जाऊ दे," ती मशीनकडे बघत म्हणाली. आशा भाचीनेच लावली होती. नाहीतर आत्या गेल्याच आठवड्यात रडून मोकळी झाली असती.

तेवढ्यात शिंपी डोकावला. टेप गळ्यातच होती. "उद्या किती वाजता नेणार म्हातारीला?" त्याने विचारलं, आणि आत्याने नुसतं बघितल्यावर घाईघाईने आतोबांकडे वळला. "काय साहेब, गुडघा काय म्हणतोय?"

"बरा आहे आता," आत्या म्हणाली.

"जिना चढता येतो का?"

"येतो की. दोनदा चढले सकाळी."

आतोबा गुडघ्यावर हात ठेवून बसले होते. त्यांनी तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

भाची एकदम ताठ झाली. "पण तुला विचारलंय कुणी?"

"ही काय बोलायची रीत?" आत्या फडकं घेऊन वळली.

"तुला नाही गं, लॅपटॉपला म्हणतेय!"

काडेपेटीसाठी घडवलेली फाइल लॅपटॉपवर चालायलाच नको होती. जात वेगळी. मग ती चालत होती कशी? ऑफिसच्या कामासाठी भाचीनेच कधीतरी एक सोय करून ठेवली होती: काडेपेटीचा प्रोग्राम लॅपटॉपवर सुरू केला, की लॅपटॉपने नाही म्हणायचं नाही, गुपचूप काडेपेटीचं सोंग घेऊन तो चालवायचा. ती सोय तशीच राहिली आणि भाची ती विसरून गेली. कॉन्फिगर आपले प्रश्न विचारायला चिमुकले प्रोग्राम बनवून चालवतं. ते चालले, तेव्हा त्याने गृहीत धरलं की समोर आहे तीच काडेपेटी. आणि हे सोंग होतं त्या जातीतल्या सगळ्यात महागड्या चिपचं. ही सूचना येते? येते. आणि ही? तीही येते. खऱ्या काडेपेटीतल्या स्वस्त चिपला त्यातलं अर्धं येतच नव्हतं, पण तिला कुणी विचारलंच नाही. वर एम्युलेटरची परीक्षाही लॅपटॉपनेच घेतली. पेपर सोडवणारा आणि तपासणारा एकच!

"मूर्ख आहे मी," भाची म्हणाली.

"ते नंतर ठरवू," आत्या म्हणाली. "होईल का?"

या वेळी भाचीने होईल म्हटलं नाही. "बघू दे," एवढंच म्हणाली.

तिने आधी ती सोय बंद केली. घडवलेलं सगळं पुसून टाकलं. मग काडेपेटीपाशी जाऊन थेट तिलाच विचारलं, बाई, तुला काय काय येतं? आलेली यादी लहान होती. तीच कॉन्फिगरला जशीच्या तशी दिली, आणि प्रोग्राम दुसऱ्या कॉम्प्युटरवर चालायचाय, इथे काही चालवून बघू नकोस, असं स्पष्ट बजावलं. लॅपटॉपचा पंखा घोंघावायला लागला. शिंपी गेला नाही. इस्त्रीच्या टेबलाचं काय होतंय हे त्यालाही बघायचं होतं.

नवा एम्युलेटर लॅपटॉपवर चालवून बघितला, तर लॅपटॉपने साफ नकार दिला. भाचीला इतका आनंद कुठल्या नकाराचा आजवर झाला नव्हता.

तो काडेपेटीवर गेला. स्क्रीन काळी झाली, काळीच राहिली, आणि मग जुन्या डब्याची हिरवी अक्षरं एकेक करून उमटली. आत्याने नक्षी निवडली. म्हातारी खाकरली, सुयांचं कडं फिरलं, आणि खाली नळीसारखा मोजा लोंबायला लागला.

आत्याने तो कापून घेतला, आत मूठ घालून ताणला, उजेडात धरला. "टाच नीट वळलीय."

"चाल जरा मंद आहे," भाची म्हणाली.

"तिच्या वयाला शोभतंय."

मग आत्याने भंगारवाल्याला फोन केला. "उद्या या, पण नुसता डबा न्यायचाय. नाही, मशीन नाही. नाही म्हटलं ना!" शिंप्याने टेप गळ्यातून काढून खिशात घातली.

भाची वायरी आवरता आवरता स्टुलापाशी आली. "आतोबा, गुडघा कसा आहे?"

आत्याचं तोंड उघडलं होतं. भाचीने तिच्याकडे बघितलं. आत्याने हातातला मोजा उलटा केला आणि शिवण बघायला लागली.

आतोबांना उत्तर द्यायला वेळ लागला. सवय नव्हती.

"दुखतो," ते म्हणाले. "जिन्यावर फार दुखतो."

"मला कधी बोलला नाहीत ते?" आत्या म्हणाली.

आतोबांनी भाचीकडे बघितलं, भाचीने वायरीकडे. पलीकडे म्हातारी दुसऱ्या पायाच्या मोज्याला लागली होती.