टेस्टचा नंबर

ऑफिसात त्याला सगळे एक्स्पर्ट म्हणायचे. हे नाव कोणी पाडलं, असं विचाराल तर त्यानेच. पाच वर्षं तो स्वतःच स्वतःला म्हणत राहिला, शेवटी लोक कंटाळून म्हणायला लागले.

तर या एक्स्पर्टने ऑफिसात नवी टेलिफोन यंत्रणा बसवली. काम म्हटलं तर एवढंसं. बाहेर फोन लावायचा तर आधी नऊ दाबायचा, यंत्राने तो नऊ गाळायचा आणि उरलेला नंबर पुढे पाठवायचा. त्यासाठी यंत्रात एक नियम लिहायचा. पोरखेळ! पण त्या दिवशी एक्स्पर्टचं डोकं ठिकाणावर नव्हतं. घरी चार दिवस अबोला होता.

मेहुण्यासमोर तो बायकोला म्हणाला होता, "यंत्रातलं तुला नाही कळायचं, राहू दे." चुकलं हे त्याला त्याच क्षणी कळलं होतं, पण एक्स्पर्ट माणूस चुकलो म्हणणार कसा? जीभ झिजली असती ना! आज सकाळी फ्रिजवर चिठ्ठी होती: "चार वाजता दादा न्यायला येतोय. परत कधी, ते विचारू नये." ती त्याने दोनदा वाचली. तरी पठ्ठ्या बूट घालून मुकाट ऑफिसला आला.

नियम लिहिताना टेस्टसाठी एक नंबर हवा होता. नऊनंतर काहीही दाबलं तरी हाच नंबर लाव, असं त्याने यंत्राला सांगितलं आणि टाकला घरचा नंबर. कोणी विचारलं असतं तर म्हणाला असता, हाच एक पाठ आहे. खरं म्हणजे त्याला तिचा आवाज ऐकायचा होता. ती "हॅलो" म्हणाली आणि याने घाबरून फोन ठेवला. वहीत मात्र ऐटीत लिहिलं, "टेस्ट यशस्वी." नंबर पुसायचा राहिला तो राहिलाच.

अर्ध्या तासात खरेदी विभागातल्या बाई आल्या. "अहो, कागदवाल्याला फोन लावला तर कोणीतरी बाई उचलतेय."

"नंबर नीट दाबा."

मग गोदामातला माणूस आला. "बोटं जाड आहेत तुमची," एक्स्पर्टने निदान केलं. दुपारी खुद्द मोठ्या साहेबांनी बोलावलं, तेव्हा साहेबांच्या बोटांबद्दल बोलायची सोय नव्हती. "टेलिफोन कंपनीचा घोळ आहे, साहेब. आत्ता झापतो त्यांना!"

साडेतीन वाजले होते. खरेदीच्या बाई आणि शिपाई समोर उभे होते, म्हणून याने मुद्दाम स्पीकर चालू करून कंपनीला फोन लावला. उचलल्याबरोबर कडाडला, "काय चाललंय काय? एक साधा नियम लिहायची अक्कल नाही का कोणाला?"

"तेच म्हणते मी," पलीकडून बायको म्हणाली.

"हीच ती बाई!" शिपाई ओरडला.

एक्स्पर्टचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "अगं... तू?"

"मग कोण असणार? तुमच्याकडून कोणीही कुठेही लावला तरी इथेच लागतोय. टेस्टला आपला नंबर टाकलात आणि पुसायला विसरलात. सकाळी हॅलो ऐकून फोन ठेवणारे तुम्हीच ना?"

"हो."

"तेव्हापासून सदतीस फोन आले. बॅग भरायला घेतली की खणखण! प्रत्येक जण बिचारा माफ करा, चुकून लागला, म्हणतो. तुमचे साहेब तर दोनदा म्हणाले. एवढी परकी माणसं, तीही स्वतःची चूक नसताना! ज्याची चूक आहे, तो एकटा तेवढा राहिलाय."

स्पीकर बंद करायला एक बटण पुरलं असतं. त्याने ते दाबलं नाही. खरेदीच्या बाईंकडे पाहायचं टाळत तो म्हणाला, "माफ कर. चुकलं माझं. आजचंही, आणि त्या दिवशीचंही. जाऊ नकोस गं."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"फोन ठेवा आता, नंबर पुसा तो. दादाला चहा टाकते. एकटाच परत जायचाय तो."