मिठाच्या पलीकडे

"आई, आप्पांचं डोकं गेलंय. मी शेजारी बसलोय आणि ते ढुंकूनही बघत नाहीत," मुकुल म्हणाला. तेही जेवणाच्या टेबलावर, बापाच्या कानाशी, मोठ्याने. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पुण्याहून आल्यापासून हा मुलगा ह्यांच्या डाव्या हाताला खुर्ची टाकून बसतोय आणि देवरूखच्या कुठल्याशा वृद्धाश्रमाच्या गोष्टी करतोय. ह्यांना झटका आला तेव्हाच डॉक्टर म्हणाले होते, नजर शाबूत आहे, पण डावीकडे काही असतं हेच मेंदू विसरलाय. मी फोनवर दोनदा सांगितलं. साहेबांना तेव्हा मीटिंग होती!

"आप्पा, डावीकडे बघा! डावीकडे!" तो ओरडला. ह्यांनी मान उलट उजवीकडे, माझ्याकडे वळवली.

"बघितलंस?"

"अरे शहाण्या, ज्याची डावी बाजूच हरवली, त्याला डावीकडे बघ म्हणून काय उपयोग?"

ह्यांच्या ताटातली उजवीकडची भाजी आणि आमटी संपली होती. ताटाची डावी बाजू वाढली तशीच. तिकडे आश्रमात हे रोज अर्ध्या ताटावरून उठतील आणि लोक म्हणतील, म्हाताऱ्याला भूक नाही. मी मरेन, पण पाठवणार नाही.

मी खुर्ची पुढे ओढली.

"अहो, मीठ दिसतंय?"

"दिसतंय की."

"मिठाच्या पलीकडे काय आहे?"

नजर हळूच सरकली. "लिंबू."

"लिंबाच्या पलीकडे?"

"चटणी. अगो, ही कधी वाढलीस?"

"मघाशीच. चटणीच्या पलीकडे?"

"कोशिंबीर."

"आणि कोशिंबिरीच्या पलीकडे हात कुणाचा आहे, तेवढं बघा."

नजर बोटांवर गेली, मग मनगटावरच्या घड्याळावर, मग बाहीवरून वर वर चढत चेहऱ्यापाशी थांबली.

"मुकुल? तू इथे आहेस?"

मुकुलने माझ्याकडे बघितलं. माझा राग काही उतरला नव्हता, मी त्याच्या मदतीला गेले नाही.

"परवापासून आवाज येत होता तुझा," हे म्हणाले. "मला वाटलं, पुण्याहून फोनवर बोलतोयस. म्हटलं, इथे असता तर माझ्यादेखत असं बोलला नसता."