वळचणीतली गुणगुण

तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल घेऊन दारोदार फिरतात. गेल्या वर्षी त्यांना डंख नको म्हणून यादोरावांनी सपरीच्या, म्हणजे पुढच्या ओसरीच्या, वळचणीतलं गांधीलमाश्यांचं पोळं पेटवलं. तणसाची चूड, वर घासलेट, भर दुपारी. पोळं जळालं, पण माश्या अंगावर आल्या. पोरं यायच्या आत यादोराव दारात आडवे झाले, आणि पवनीचा दवाखाना गाठेपर्यंत संपलेही.

यंदा पावसाळ्यात त्याच जागी नवं पोळं धरलं. यादोरावांच्या बायकोला, धुरपताबाईंना, ते आधी दिसलं नाही, ऐकू आलं. दोर वळताना यादोराव तोंड मिटून गुणगुणत, हुबेहूब तसा सूर. तेव्हापासून त्या सपरीत बसून वर बघत, धानाला लोंब आल्याचं पोळ्याला सांगत. माश्या कानाजवळून जात, पण त्यांना कधी चावल्या नाहीत. आणखी काय पुरावा हवा?

मुलगा भोजराज मात्र धास्तावला होता. त्याचं पोर रांगायला लागलं होतं आणि सपरीकडेच धाव घेत होतं.

"माय, आता हे जाळाच लागते."

"हात लावशील तर माह्या गळ्याची आन हाये. तुया बाप हाये तो."

"बाप असता तर आतापर्यंत तंबाकू मागितला असता."

सून तुळसा हसली, आणि सासूचा चेहरा पाहून चुलीकडे वळली.

पितृपक्षातली प्रतिपदा आली. यादोरावांचं हे पहिलंच जेवण. निखाऱ्यांवर तूप, भात, वडा सोडायचा. धूर वर गेला की पितर जेवले. याला कागोर म्हणतात. धुरपताबाईंनी कागोर सपरीतच, पोळ्याखाली टाकायचं ठरवलं.

"सांदवाडीत टाक ना माय," भोजराज म्हणाला. "धुरानं भडकतीन त्या."

"जिथं पडले तिथंच जेवतीन. घराच्या मागं कायले जेवतीन ते, भिकाऱ्यावानी?"

"बरं. तू जेवू घाल. मंग संध्याकाळी मी चूड लावतो. तुयी आन गेली खड्ड्यात."

तुळसा मध्ये पडली नाही. तिनं पोर कडेवर घेतलं. "मी मागच्या दारानं सांदवाडीत जातो, आत्याबाई. तुमचं होऊ द्या."

धुरपताबाईंनी कवेलूवर, म्हणजे जुन्या कौलावर, निखारे आणले आणि दारासमोर ठेवले. तुपाची धार सोडली. धूर सरळ वर गेला, वळचणीत शिरला. त्या हात जोडून वाट पाहू लागल्या.

गुणगुण थांबली.

ही शांतता त्यांनी एकदा ऐकली होती. यादोरावांनी चूड वर नेली तेव्हा सूर असाच तुटला होता, आणि मग सगळं अंगावर आलं होतं. त्यांनी मागे पाहिलं. दारात, बाप पडला होता त्याच जागी, भोजराज उभा होता. मान वर करून पोळ्याकडे बघत होता. एक माशी बाहेर येऊन पोळ्यावर फिरू लागली. मग दोन-चार.

"हलू नको," त्या हळू म्हणाल्या. "हात उचलू नको. मागं सरक अन् दार ओढून घे."

"तू?"

"सरक म्हणतो ना."

दार लागलं. त्यांनी पदरानं कवेलू उचललं आणि भिंतीच्या कडेकडेनं चालू लागल्या. पावलं घाईनं पडू दिली नाहीत. मनगटावर काहीतरी बसलं, चालू लागलं. कढत कवेलूनं बोटं भाजत होती. मनगट त्यांनी झटकलं नाही. कोपरा वळताना ते आपोआप उडालं.

सांदवाडीत त्यांनी कागोर पुरा केला. पळसाच्या पत्रावळीवर खीर वाढली. भोजराज मागच्या दारात येऊन उभा राहिला. तुळसा पोराला घेऊन लांब, गोठ्याच्या सावलीत. पाणी फिरवून झालं, हाका मारून झाल्या. कावळा फिरकला नाही. ऊन कलायला लागलं. धुरपताबाईंचे ओठ सुकले.

मग घराच्या आढ्यावरून एक गांधील आली. पिवळ्या पट्ट्याची, संथ. पत्रावळीवर घिरटी घालून खिरीच्या कडेला बसली. भोजराजचा हात खांद्यावरच्या पंच्याकडे गेला. आईनं नुसतं पाहिलं. हात खाली आला. गांधील बराच वेळ खात होती. मग उडाली आणि आढ्यावरून परत सपरीच्या बाजूला गेली.

"जेवले," धुरपताबाई म्हणाल्या. "मागंही जेवतात ते."

त्यांनी निखाऱ्यांवर पाणी शिंपडलं.

"समोरच्या दाराले आतून कडी घाल, भोजराज. थंडी पडेस्तोवर सारे मागूनच येऊ-जाऊ. पोराले तिकडं सोडायचं नाई. थंडीत त्या आपोआप सरतात."

"अन् जाळाचं?"

"एकदा जाळलं ना तुया बापाले," त्या म्हणाल्या. "आता नको."