सुभेदाराच्या पाठीवरचं कुंकू

लोणावळ्यात तुंगार्लीच्या वाटेवर एका पारशी शेठाणीचा बंगला होता आणि त्याच्या मागच्या अंगणात टर्की जातीच्या तीन मोठ्या नर पक्ष्यांचं राज्य होतं. पांढरेशुभ्र, ऐटबाज, छातीवर घोड्याच्या शेपटीसारखा काळा झुबका, चोचीवरून लोंबणारी लाल सोंड! माद्या बिचाऱ्या कोपऱ्यात दाणे टिपायच्या आणि हे तिघे शेपटीचा पंखा पसरून दिवसभर मिरवायचे. त्यातल्या सगळ्यांत मोठ्याचं नाव माळ्याच्या मुलीनं, मुक्तानं, सुभेदार ठेवलं होतं.

पण माळ्याच्या घरी या सुभेदाराला डोळ्यांत तेल घालून जपायचे. शेठाणी मुंबईहून आली की आधी अंगणात जायची, मग बंगल्यात. आधीच्या माळ्याच्या वेळी एक नर कुत्र्यांनी नेला, तर त्याचं बिऱ्हाड त्याच दिवशी रस्त्यावर आलं होतं. त्याचीच खोली मुक्ताच्या बापाला, कोंडाजीला मिळाली होती. त्या खोलीमुळे मुक्ताची शाळा होती. गावाकडे, पवनेच्या खोऱ्यात, धरणाच्या पाण्यामुळे ना घर उरलं होतं ना शाळा.

दसऱ्याच्या दिवशी शाळेतलं पाटीपूजन उरकून मुक्ता उड्या मारतच घरी आली. आईनं, बयाबाईनं, लाल खणावर खुरपी, कात्री, झारी मांडून झेंडू वाहिला होता. कोंडाजी शेठाणीला आणायला ठेसनावर गेला होता.

"ज्याच्यावर आपलं प्वाट, त्याची पूजा करायची आज," बयाबाई म्हणाली.

"मग सुभेदार राहिला की गं!"

"जा, लाव त्यालाबी. पर जपून, चोच मारंल."

कसली चोच? सुभेदार मुक्ताच्या हातून दाणे खायचा. त्याच्या डोक्याला पीस नाही, आणि ते डोकं घडीत निळं, घडीत लाल, तिथं कुंकू काय दिसणार? म्हणून तिनं हळद लावून चांगलं मूठभर कुंकू त्याच्या पाठीवरच फासलं. बाकीचे दोघे हाताला लागलेच नाहीत. "तुमचं नशीब!" म्हणून ती हसली.

हसू ओठांवर होतं तोवरच ते दोघे थबकले. माना लांब झाल्या. पांढऱ्या पाठीवर तो लाल डाग, जखमेसारखा! एकानं चोच मारली, पीस उपटलं. दुसऱ्यानं तिथंच मारली. सुभेदार गर्रकन वळला, तर पाठ पहिल्याकडे झाली. आणि मग कुंकवाच्या जागी खरंच रक्त आलं.

"आई! आई गं, मारतायत त्याला!"

मुक्तानं घागर ओतली. कुंकू धुऊन जायचं ते ओघळत शेपटीपर्यंत पसरलं आणि दोघे आणखीनच पिसाळले. बयाबाई केरसुणी घेऊन धावली, तर पंखाचा असा तडाखा बसला की केरसुणी एकीकडे आणि ती दुसरीकडे. सुभेदार गुडघ्यांवर बसला. मान खाली घातली. एक जण त्याच्या पाठीवर उभा राहून टोचतच होता.

काय करावं? आपल्याच हातानं आपण आपलं घर मोडलं! मुक्तानं वेड्यासारखं इकडंतिकडं पाहिलं आणि पूजेतला लाल खण हिसकून ओढला. खुरपी, झारी खणखण खाली पडली.

"अगं, द्येवाचं हाय ते!"

"असू दे!"

खण फडफडवत ती दोघांच्या तोंडापुढून पळाली. ते मागं लागले. एकानं पोटरी फोडली, तरी ती थांबली नाही. लाकडांच्या खोलीत खण भिरकावला, दोघे आत घुसले, तिनं दार ओढून कडी घातली आणि तिथंच मटकन बसली.

बयाबाईनं सुभेदाराला आपल्या राहत्या खोलीत आणून पोत्यावर ठेवलं. मानेचं कातडं लोंबत होतं. हळद आणि खोबरेल भरलं, तरी डोळा उघडेना. मुक्ता बोटानं चोचीत पाणी सोडत होती, ते बाहेरच गळत होतं.

"पी ना रे. पी की!"

मागं भांड्यांचा आवाज झाला. बयाबाई फळीवरची भांडी लुगड्यात बांधत होती.

"आई, काय करतेस?"

"लोकांनी फेकायच्या आदी आपुन उचलावी."

"अजून धुगधुगी आहे त्याच्यात! सोड ते!" मुक्तानं गाठ सोडली. बयाबाईनं परत मारली. दोघी त्या गाठीला धरून रडत होत्या, तेवढ्यात फाटकाशी टांगा थांबला.

शेठाणी नेहमीसारखी तडक अंगणात गेली. जमिनीवर पिसं, रक्त. मागोमाग कोंडाजी, तोंड पांढरंफटक.

"कोंडाजी, माझा मोठा टर्की कुठे हाय?"

तो आवाज ऐकला आणि पोत्यावर हालचाल झाली. सुभेदारानं एक पाय रोवला. कोसळला. पुन्हा रोवला. उंबऱ्याशी येऊन त्या वेड्यानं शेपटीचा पंखा पसरला, निम्मी पिसं नसलेला, आणि लडबडत एक फेरी मारली.

मुक्तानं एका दमात सगळं सांगून टाकलं, कुंकू, पाणी, खण. शेठाणीनं वाकून पक्ष्याची पाठ पाहिली. कोंडाजीनं हात जोडले.

"पूजा केली?" शेठाणी म्हणाली. "अरे, मग एकाचीच कशी केली? कोंडाजी, ह्याला वेगळा कुंपण घाल. उद्याच्या उद्या."

"व्हय जी," कोंडाजी म्हणाला, पण त्याला अजून कळलंच नव्हतं.

मुक्ताला कळलं. उद्या! म्हणजे उद्या आपण इथंच. ती वळली आणि आईच्या हातातली गाठ दातांनी सोडायला लागली.