पानाच्या पायथ्याशी

कुंभारवाडा गावात सकाळ एकदम होत नसे. आधी डोंगरामागचं आभाळ ताकासारखं पांढुरकं होई. मग उजेड सुपारीच्या शेंड्यांवर टेके आणि तिथेच बराच वेळ रेंगाळे, खाली उतरावं की नाही याचा विचार करीत असल्यासारखा. पुढे तो फणसाच्या खोडावरून सावकाश घसरत कुडाच्या भिंतीवर येई, भिंतीच्या फटींतून घरात पट्टे पाडी, आणि सर्वांत शेवटी सारवलेल्या अंगणात पसरे. वैशाखातल्या त्या सकाळीही तो असाच आला. येसाजी बियाण्याची कोनफळं निवडत बसला होता. उजेड मातकट बोटांवर आला तेव्हा त्याने मान वर करून परसाच्या कोपऱ्याकडे पाहिलं.

तो कोपरा त्याने मुलासाठी, वासूसाठी राखला होता. हा मुलूख मुंबईकडून मैसूर राज्यात गेला, त्याच वर्षी वासू धारवाडला शिकायला गेला आणि पुढे तिथेच शिकवू लागला. तरी दर उन्हाळ्यात येसाजी कोपऱ्यातली माती मोकळी करी, उत्तम बियाणं एका टोपलीत बाजूला काढी आणि विचारणाऱ्याला सांगे, "औंदा वासू येतोय. त्योच लावंल."

वासू आला होता खरा, पण सुट्टीपुरता. पडवीत त्याची आत्या गिरजा त्याला धारेवर धरून बसली होती.

"तुजा नांगर एका जाग्यावर ठरत न्हाई बग. कंदी कोनफळावर लिवतोस, कंदी आपल्या बोलण्यावर, कंदी थंडीतापावर. पीक कशाचं येनार?"

वासू लाजून हसला. "आलंय, आत्ते. कोनफळावरच्या लेखाचा मद्रासच्या वनस्पतीवाल्यांनी आधार घेतलाय. बोलीवरच्या लेखाचा पुण्याच्या व्याकरणवाल्यांनी. आणि तापावरचा लेख तर कलकत्त्याच्या डॉक्टरांनी."

येसाजीचा हात थांबला. कुंभारवाड्यात बियाणं विकत नसत, देत. आणि ज्याच्याकडून आणलं त्याचं नाव त्या पिकाला कायमचं लागे. देणाऱ्याने ते परत मागायचं नसे. जिथे रुजलं, तिथलं ते झालं. परक्या परसात आपलं नाव वाढावं, याहून मोठा मान त्या डोंगरात कुणाला ठाऊक नव्हता.

"नाव घेत्यात का तुजं?" त्याने विचारलं.

"व्हय बाबा. छापतात. पानाच्या पायथ्याशी, बारीक अक्षरांत."

"पायाशी?" गिरजा उसळली. "माझ्या भाच्याचं नाव पायाशी? डोक्यावर लिवायला जागा नव्हती व्हय त्या मेल्यांना?"

येसाजीने हातातल्या कोनफळाची माती अंगठ्याने पुसली. "अक्का, ह्ये कुठं धरतंय? वेलाच्या शेंड्याला?"

गिरजा पदर तोंडाला लावून खुदकन हसली. "पायाशीच की रे!"

येसाजी हसला नाही. सुप्याच्या बाजारापलीकडे तो कधी गेला नव्हता. आता मात्र त्याला मद्रासचं परस दिसलं, पुण्याचं दिसलं, कलकत्त्याचं दिसलं. तिथे अनोळखी काठ्यांवर वेल चढत होते, आणि प्रत्येक वेलाच्या पायथ्याशी, काळोख्या मातीत, त्याच्या लेकाचं नाव गुपचूप भरत चाललं होतं.

इतक्यात खालच्या वाडीची पारू बियाणं मागायला आली. "येसूमामा, तुजी कोनफळं दे की थोडी."

येसाजीने समोरच्या ढिगाला हात लावला नाही. बाजूला काढलेली टोपली उचलून त्याने तिच्या पदरात ओतली.

"ही माजी न्हवंत. कुनी इचारलं तर वासूची कोनफळं म्हन."

वासूने मान खाली घातली. कानापर्यंत लाल झाला होता तो.

"सगळीच दिलीस?" पारू म्हणाली. "मग औंदा त्या कोपऱ्यात काय लावनार त्यो?"

येसाजीचं नेहमीचं वाक्य जिभेवर आलं. उजेड एव्हाना कोपऱ्यातल्या मोकळ्या मातीवर पोचला होता. त्याने टोपली उपडी केली आणि तळाशी चिकटलेली माती झटकली.

वासू परत येणार नव्हता.