कळकट कठड्याचा शेजारी

मित्रांनो, मी एक जुना पाऊस-संग्राहक आहे. प्रयोगशाळेच्या गच्चीवर, कठड्याला लागून माझा मुक्काम. पोटात प्लास्टिकची बादली, डोक्यावर झाकण. पहिला थेंब पडला की झाकण आपोआप सरकतं, पाऊस थांबला की मिटतं. बादलीत धूळ जाऊ नये म्हणून हा सगळा थाट. शेजारच्या कारखान्याचा धूर पावसाला किती आंबट करतो, ते वर्षानुवर्षं माझ्याच पाण्यावरून कळत आलं. त्यामुळेच तर कारखान्याला धुराड्यात गाळणी बसवावी लागली.

मला सांभाळणाऱ्या ताईंची शिस्त कडक. हातमोज्यांशिवाय त्या मला शिवत नसत. एकदा शिपाईमामा माझ्याजवळ शिंकले, तर त्यांना थेट जिन्यापर्यंत पिटाळलं!

पण मायेपुढे शिस्तीचं काय चालतं? माझा वाढदिवस आला, तेव्हा ताईच म्हणाल्या, "मामा, याच्यामागचा कठडा किती कळकट दिसतोय! जरा चुना मारा ना."

मामांनी हौसेने दोन हात दिले. मीही ऐटीत उभा राहिलो.

मग पाऊस आला. थेंब कठड्यावर आपटून चुन्यासकट माझ्या बादलीत उडू लागले. चुना आंबटपणा मारतो. मला कळत होतं, पण सांगायला तोंड कुठे होतं? पावसामागून पाऊस गेले, आकडे सुधारत गेले. प्रयोगशाळेच्या साहेबांनी येऊन माझी पाठ थोपटली. खरं सांगतो, मला ते आवडलं.

"हवा सुधारली. आता ती गाळणी काढायची परवानगी देऊन टाकू," ते म्हणाले.

शरमेने मान खाली घालावी, तर मला मानच नाही.

परवानगीवर सही व्हायची, त्याच सकाळी ताई मामांना घेऊन बादली न्यायला आल्या. कठड्याला कोपर टेकलं आणि काळ्या बाहीवर पांढरा डाग उठला. त्या डागाकडे बघतच राहिल्या. मग वाकून माझ्या बादलीत डोकावल्या.

"अगं बाई! हे मीच केलं."

"गुपचूप खरवडून टाकतो, ताई," मामा कुजबुजले. "कुणाला कळणार आहे?"

"त्या धुराड्याखाली राहणाऱ्या पोरांच्या छातीला कळेल, मामा."

ताई तशाच साहेबांकडे गेल्या. गाळणी राहिली. त्या सगळ्या पावसांचे आकडे मात्र बाद झाले. एवढ्या वर्षांच्या नोंदींत तेवढी जागा कायमची रिकामी. ताई अजून येतात, पण पूर्वीसारख्या माझ्याशी बोलत नाहीत. चुना त्यांनी लावायला सांगितला, पण शाबासकी मी घेतली होती. ती अजून पाठीवर टोचते.

मित्रांनो, कुठल्या गच्चीवर मी दिसलो, तर मला पुसू नका, रंगवू नका, सजवू नका. माझ्यावर माया असेल, तर लांबूनच बघा. मी आणि माझा कठडा, आम्ही कळकटच बरे.